भूमिगत चित्रपटाची नायिका : ईडी सेजविक

'भूमिगत' हा शब्द कानांवर पडला की मराठी माणसाला बेचाळीस आठवते. रात्रीतून बदलणारे मुक्काम, गुपचूप वाटली जाणारी पत्रके, साताऱ्याकडचे पत्री सरकार असे सारे डोळ्यांपुढे येते. त्यामुळे 'भूमिगत चित्रपट' म्हटल्यावर तळघरात दडवून ठेवलेले काहीतरी राजद्रोही चित्रण असावे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत १९६०च्या सुमारास हा शब्द रूढ झाला तो मात्र थोड्या निराळ्या अर्थाने. हॉलिवूडचा पैसा नाही, स्टुडिओ नाही, वितरक नाही, कामगार संघटनांचे नियम नाहीत आणि सेन्सॉरचा परवानाही नाही, अशा अवस्थेत चित्रकारांनी, कवींनी आणि हौशी मंडळींनी १६ मिलिमीटरच्या फितीवर काढलेले ते चित्रपट होते. आपल्याकडील जवळचे उदाहरण द्यायचे तर साठोत्तरी अनियतकालिकांचे देता येईल. प्रस्थापित मासिकांच्या दाराशी न थांबता चक्रमुद्रित पानांवर आपले लेखन आपणच काढायचे आणि आपणच वाटायचे, ही जी वृत्ती त्या अनियतकालिकांत होती, तीच या चित्रपटांत होती.

न्यूयॉर्कमध्ये या मंडळींचा आधारस्तंभ होता जोनास मेकास. लिथुआनियातून निर्वासित म्हणून आलेल्या या कवीने १९६२ साली इतरांच्या साहाय्याने चित्रपटकारांची सहकारी संस्था उभारली. कोणीही आपला चित्रपट तेथे ठेवावा, संस्थेने तो निवडीची चाळणी न लावता भाड्याने द्यावा आणि भाड्यातला मोठा वाटा चित्रपटकाराला मिळावा, अशी ती योजना होती. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात सार्वजनिक खेळासाठी चित्रपटाला परवाना घ्यावा लागे आणि ही मंडळी तो घेत नसत. १९६४ साली जॅक स्मिथच्या 'फ्लेमिंग क्रीचर्स' या चित्रपटाची प्रत पोलिसांनी जप्त केली आणि तो दाखविल्याबद्दल मेकासवर खटला होऊन त्याला शिक्षाही झाली. ती पुढे तहकूब ठेवण्यात आली. 'भूमिगत' या शब्दात अतिशयोक्ती थोडी होती, पण अगदीच निराधार नव्हती, हे यावरून दिसेल.

आता प्रश्न असा की, अशा चित्रपटांत 'नायिका' म्हणजे नेमके काय? जिथे करारपत्र नाही, पगार नाही, रंगभूषाकार नाही, बहुधा संहिताही नाही, तिथे अभिनेत्रीने करायचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ईडी सेजविक हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचे रुपेरी रंगाने रंगविलेले आखूड केस, काळे घट्ट पायमोजे, खांद्यापर्यंत लोंबणारी कर्णभूषणे, तिचे व्यसन आणि अकाली मृत्यू या साऱ्याची वर्णने भरपूर सापडतात. तिने केलेल्या कामाविषयी मात्र चार ओळींपलीकडे क्वचित कोणी जाते. प्रस्तुत लेखात मला त्या कामाविषयी लिहायचे आहे, आणि त्या कामाचा मोबदला कोणाच्या पदरात पडला याविषयीही.

ईडीचा जन्म २० एप्रिल १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे झाला. आठ भावंडांत ती सातवी. घराणे मूळचे मॅसॅच्युसेट्सचे आणि फार जुने. तिचा एक पूर्वज थिओडोर सेजविक हा अमेरिकन प्रतिनिधिगृहाचा सभापती होऊन गेला. त्याच वकिलाने १७८१ साली एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीची बाजू न्यायालयात मांडून तिला स्वातंत्र्य मिळवून दिले होते. ईडीचे बालपण मात्र कॅलिफोर्नियातील विस्तीर्ण पशुपालनक्षेत्रांत, घोड्यांच्या संगतीत आणि बाहेरच्या जगापासून दूर गेले. सुरुवातीचे शिक्षणही घरच्या आवारातच झाले. जमिनीत तेल लागल्यामुळे कुटुंबाला पैशाची ददात नव्हती. पण त्या घरात वडिलांचा दरारा मोठा होता आणि मुलांची मने स्वस्थ नव्हती. ईडीला अन्न न पचविण्याचा, खाऊन ओकून टाकण्याचा आजार जडला आणि १९६२ साली तिला मनोरुग्णांच्या खाजगी रुग्णालयात ठेवावे लागले. तेथून बाहेर पडल्यावर १९६३ साली ती केंब्रिजला शिल्पकला शिकू लागली. १९६४ साली तिच्या एका भावाने आत्महत्या केली. १९६५च्या जानेवारीत दुसरा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. आजीकडून मिळालेली रक्कम घेऊन ईडी तोवर न्यूयॉर्कला आलेली होती. त्याच वर्षीच्या आरंभी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिची अँडी वॉरहॉलशी गाठ पडली.

वॉरहॉलला आपण सुपाच्या डब्यांची चित्रे काढणारा चित्रकार म्हणून ओळखतो. १९६३पासून तो चित्रपटही काढू लागला होता. पूर्व सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरची त्याची कार्यशाळा 'फॅक्टरी' म्हणून ओळखली जाई. तिच्या भिंतींना रुपेरी कागद आणि रुपेरी रंग लावलेला होता. त्याच्या चित्रपटांची रीत समजून घेतल्याशिवाय ईडीच्या कामाचे मोल कळणार नाही, म्हणून थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे.

१९६४च्या अखेरीस वॉरहॉलने ऑरिकॉन नावाचा कॅमेरा आणला. या कॅमेऱ्यात चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर एकाच वेळी नोंदले जात. त्यात बाराशे फुटांचे रीळ बसे आणि ते न थांबता सुमारे तेहेतीस मिनिटे चाले. नेहमीच्या चित्रपटात दिग्दर्शक दृश्य लहान लहान तुकड्यांत टिपतो, चुकले तर पुन्हा घेतो आणि संकलक पुढे ते तुकडे जोडतो. नटीचा चेहरा नको तितका वेळ पडद्यावर राहू नये, तिची अडखळ दिसू नये, याची काळजी कात्री घेते. वॉरहॉलकडे कात्रीच नव्हती. कॅमेरा तिकाटण्यावर बसवायचा, सुरू करायचा आणि रीळ संपेपर्यंत चालू द्यायचा. दोन रिळे एकापुढे एक जोडली की सहासष्ट मिनिटांचा चित्रपट तयार. अडखळणे, शिंकणे, कंटाळणे, चेहऱ्यावरून सरकणारी सावली, सारे जसेच्या तसे राही. अशा कॅमेऱ्यासमोर तेहेतीस मिनिटे प्रेक्षकाला धरून ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी स्नेहसंमेलनात दोन मिनिटांचे स्वगत म्हटले आहे त्यांना सहज करता येईल.

या जगात ईडी शिरली ती जवळजवळ अपघाताने. 'विनाइल' (१९६५) हा चित्रपट अँथनी बर्जेसच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या कादंबरीवर आधारलेला होता. पात्रे सारी पुरुष होती. ऐनवेळी वॉरहॉलने ईडीला चौकटीच्या उजव्या बाजूला एका पेटीवर बसविले. तिला वाक्य नाही, कथेत स्थान नाही. ती सिगारेट ओढते, संगीत वाजले की बसल्या बसल्या हात हलविते, पलीकडे चाललेल्या छळाकडे मधूनमधून पाहते, एवढेच. पण पाहणाऱ्याची नजर मारझोड करणाऱ्या पात्रांवरून घसरून पुन्हा पुन्हा त्या उजव्या कोपऱ्याकडे जाते. काहीही न करता लक्ष वेधून घेणारा नट रंगभूमीला ठाऊक असतो आणि सहनटांना त्याची धास्तीही असते. वॉरहॉलने ही शक्ती हेरली आणि पुढच्या काही महिन्यांत तिला घेऊन एकामागून एक चित्रपट काढले. १९६५ या एका वर्षात त्यांची संख्या दहाच्या वर गेली.

'पुअर लिटल रिच गर्ल' (१९६५) हा त्यांतला महत्त्वाचा. ईडी आपल्या खोलीत झोपेतून उठते, दूरध्वनीवर खाण्याचे पदार्थ मागविते, व्यायाम करते, प्रसाधन करते, कपडे निवडते. कथा म्हणून इतकीच. भिंगातल्या दोषामुळे आधी काढलेली रिळे अगदी अस्पष्ट आली होती. वॉरहॉलने पुन्हा चित्रण केले, पण अखेरीस पहिले रीळ अस्पष्टच ठेवले आणि त्याला दुसरे स्पष्ट रीळ जोडले. परिणामी अर्धा तास प्रेक्षकाला एक धूसर आकृती हलताना दिसते, आणि मग एकाएकी तो चेहरा समोर येतो. दुसऱ्या रिळात चौकटीबाहेर बसलेल्या चक वाइन या मित्राशी तिचे बोलणे चालते. वारशाचा पैसा कसा उडाला, हेही त्यात येते. श्रीमंत घरची मुलगी आपल्या कफल्लकपणाविषयी हसत बोलते आहे आणि ते हसू कुठे संपते हे कॅमेरा मुकाट्याने पाहतो आहे. मला हा चित्रपट विनोदी वाटत नाही आणि करुणही वाटत नाही. अनोळखी माणसाच्या घरात चुकून शिरल्यावर जो संकोच वाटतो, तो मात्र वाटतो.

'किचन' (१९६५) हा रोनाल्ड टॅव्हेलने लिहिलेला चित्रपट. येथे संहिता होती, पण ईडीला पाठांतर जमेना. तेव्हा युक्ती अशी काढली की, वाक्य आठवले नाही की तिने शिंकायचे आणि मग चौकटीबाहेरून तिला ते सांगायचे. आपल्या हौशी रंगभूमीवर विंगेतला प्रॉम्प्टर दडविण्यासाठी केवढी धडपड असते! येथे तीच अडचण उघडपणे नाटकाचा भाग झाली. त्यानंतरच्या 'ब्यूटी नंबर टू' (१९६५) या चित्रपटात ती एका पलंगावर एका तरुणाबरोबर बसली आहे आणि अंधारातून चक वाइनचा आवाज तिला डिवचतो आहे, तिच्या वर्मावर बोट ठेवतो आहे. ती आधी हसून टाळते, मग उत्तरे देते, मग गोंधळते आणि शेवटी खरोखरच संतापते. तो संताप अभिनयाचा की खरा, हे सांगता येत नाही. तिची शक्ती आणि तिची दुर्दशा या दोन्ही गोष्टी या एकाच जागी दिसतात, असे मला वाटते.

तिच्या कामातील सर्वांत विलक्षण चित्रपट 'आउटर अँड इनर स्पेस' हा १९६५च्या ऑगस्टमधला. त्या वेळी वॉरहॉलकडे एका कंपनीने चाचणीसाठी दिलेले व्हिडिओ यंत्र होते. त्यावर त्याने ईडीचे बोलणे आधी टिपून घेतले. मग दूरचित्रवाणी संचावर ते चालू करून शेजारी प्रत्यक्ष ईडीला बसविले आणि दोघींचे मिळून चित्रपटाच्या फितीवर चित्रण केले. खेळाच्या वेळी दोन्ही रिळे शेजारी शेजारी दाखवितात. त्यामुळे पडद्यावर एकाच मुलीचे चार चेहरे येतात आणि चारही बोलत असतात. प्रत्यक्षातल्या ईडीला आपलाच आवाज कानाशी ऐकू येतो आहे आणि ती त्याने अस्वस्थ होते. स्वतःची प्रतिमा स्वतःपेक्षा मोठ्याने बोलू लागली की माणसाचे काय होते, हे त्या तेहेतीस मिनिटांत दिसते. हातातल्या दूरध्वनीवर दिवसभर आपलेच चेहरे टिपणाऱ्या आपल्या पिढीने तर तो अवश्य पाहावा.

याला अभिनय म्हणावे काय? आपल्या काही प्राध्यापकांचे मत, अभिनय म्हणजे दुसऱ्याची भूमिका वठविणे. येथे तर मुलगी स्वतःच होऊन बसली आहे, असे पडेल. आक्षेप बिनतोड दिसतो. पण कॅमेऱ्यासमोर स्वतः होऊन बसणे किती अवघड आहे याची साक्ष वॉरहॉलनेच ठेवली आहे. फॅक्टरीत येणाऱ्या माणसांना खुर्चीवर बसवून तो शंभर फुटांचे मूक रीळ त्यांच्या चेहऱ्यावर सोडी. नंतर ते कमी वेगाने दाखविल्याने चारेक मिनिटे चाले. अशी ४७२ चित्रणे आज शिल्लक आहेत. त्यांपैकी तेरांचा संच २००९ साली बाजारात आला आणि त्यात ईडीचेही आहे. कोणी ताठरतात, कोणी पोझ घेतात, कोणाच्या डोळ्यांत पाणी येते. ईडीचा चेहरा मात्र शांत, मोकळा आहे. कॅमेऱ्याला तो काही दडवीत नाही आणि काही विकतही नाही. हे निसर्गदत्त असेल, पण लावणीच्या फडात किंवा गायनाच्या बैठकीत निसर्गदत्त आवाजाला आपण कला म्हणतोच ना? तो आवाज रोज, तासन् तास लोकांपुढे ठेवणे हे काम असते. ईडीने ते काम केले.

आता मोबदल्याकडे वळू. त्या काळात वॉरहॉल आपल्या नटमंडळींना मानधन देत नसे. 'सुपरस्टार' ही पदवी मिळे, मेजवान्यांची आमंत्रणे मिळत, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येत. १९६५च्या ऑगस्टमध्ये 'व्होग' या प्रतिष्ठित मासिकाने तिची दखल घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात वॉरहॉलचे प्रदर्शन भरले तेव्हा गर्दी इतकी झाली की चित्रे भिंतींवरून उतरवावी लागली आणि लोकांनी चित्रांऐवजी ईडी आणि वॉरहॉल यांनाच पाहून घेतले. चित्रे मात्र वॉरहॉलची होती आणि त्यांना किंमत होती. ईडीजवळ विकण्यासारखे होते ते केवळ तिचे असणे, आणि ते ती फुकट देऊन बसली होती.

१९६६च्या सुरुवातीला दोघांचे बिनसले. पैसा मिळत नाही आणि या चित्रपटांनी आपले गावभर हसे होते, अशी तिची तक्रार होती. तिला खरेखुरे, म्हणजे हॉलिवूडच्या धाटणीचे चित्रपट करायचे होते. येथे मला थबकावेसे वाटते. ज्या कामाची मी एवढी वाखाणणी केली ते काम तिला स्वतःला हास्यास्पद वाटत होते. मग तिची बाजू घेण्याचा मला काय अधिकार? मला असे वाटते की, तिच्या तक्रारीतील पैशाची बाजू शंभर टक्के खरी होती आणि मानहानीची बाजूही खोटी नव्हती. 'ब्यूटी नंबर टू'मधला अंधारातला आवाज ऐकल्यावर ते कोणीही मान्य करील. पण आपल्याला अभिनय येत नाही हा तिने काढलेला निष्कर्ष मात्र हॉलिवूडच्या मापाने काढलेला होता. काम मोलाचे असणे आणि करणाराची पिळवणूक होणे या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गिरणीतले कापड सुंदर होते म्हणून मागावरच्या माणसाची मजुरी फिटत नाही.

फॅक्टरी सुटल्यावर तिला मोठे काम मिळाले नाही. व्यसन जडलेले होतेच. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये उत्तेजक द्रव्यांची इंजेक्शने डॉक्टरच देत असत आणि झोपेसाठी बार्बिच्युरेट गोळ्या सहज मिळत. १९६७ साली तिने 'चाव! मॅनहॅटन' हा चित्रपट सुरू केला. तो अर्ध्यावर बंद पडला. जॉन पामर आणि डेव्हिड वाइझमन या दिग्दर्शकांनी तीनचार वर्षांनी कॅलिफोर्नियात तो पुन्हा हाती घेतला. जुने चित्रण कृष्णधवल, नवे रंगीत. नव्या भागात ईडी कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या हौदात तंबू ठोकून राहणारी, गतवैभव आठवणारी 'सुझन सुपरस्टार' झाली आहे. विद्युत्-उपचाराचे दृश्यही त्यात आहे, आणि असे उपचार तिच्यावर प्रत्यक्षात झालेले होते. हा चित्रपट पाहवत नाही, तरी तिचे कसब त्यातही लपत नाही. १९७१च्या जुलैमध्ये तिने विवाह केला. १६ नोव्हेंबर १९७१ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बार्बिच्युरेटच्या अतिरेकाने झोपेतच तिचा अंत झाला. चित्रपट १९७२ साली, तिच्या मागे, प्रकाशात आला.

फॅक्टरीने तिचा बळी घेतला असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. आजार तिने घरूनच आणला होता. त्याच फॅक्टरीतून निघालेली मेरी वोरोनोव्ह पुढे अनेक वर्षे चित्रपटांत काम करीत राहिली आणि व्हिवाने आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. दोष असलाच तर त्या व्यवस्थेचा, जिच्यात कॅमेरा, फीत आणि प्रत यांची मालकी एकाकडे होती आणि चेहरा दुसऱ्याचा होता.

या मालकीचा आणखी एक परिणाम झाला. सत्तरीच्या आरंभी वॉरहॉलने आपले जुने चित्रपट खेळांतून काढून घेतले. १९८७ साली तो वारला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने आणि आधुनिक कलासंग्रहालयाने त्यांचे जतन त्याच्या हयातीतच हाती घेतले होते आणि १९८८पासून ते हळूहळू पुन्हा दिसू लागले. म्हणजे मधली पंधरासोळा वर्षे ईडीचे काम कोणाला पाहताच येत नव्हते. नेमक्या याच काळात तिची दंतकथा झाली. १९८२ साली जीन स्टाइन आणि जॉर्ज प्लिम्प्टन यांनी अनेकांच्या आठवणी गुंफून तिचे चरित्र सिद्ध केले आणि ते खूप खपले. २००६ साली तिच्या जीवनावर 'फॅक्टरी गर्ल' हा चित्रपटही निघाला. साऱ्यांनी तिच्याविषयी सांगितले. तिचे सांगणे मात्र त्या रिळांतच बंद राहिले.

कॅलिफोर्नियातील बॅलर्ड या लहान गावी तिची कबर आहे. तिच्यावर तिचे विवाहानंतरचे नाव, ती कोणाची पत्नी होती ते, आणि जन्ममृत्यूची वर्षे कोरली आहेत. चित्रपटाचा उल्लेख नाही. घरच्यांनी तो का करावा? पण आपण, म्हणजे कला शाखेत चित्रपटाचा अभ्यास करू पाहणाऱ्यांनी, तो अवश्य केला पाहिजे. चित्रपटांच्या इतिहासात 'विनाइल' आणि 'ब्यूटी नंबर टू' यांची नोंद वॉरहॉलच्या नावावर होते, आणि ती योग्यच आहे. तिच्या शेजारी ईडी सेजविकचे नाव अभिनेत्री म्हणून, केलेल्या कामासह लिहिले जावे, इतकेच माझे म्हणणे आहे. मजुरी तर राहूनच गेली. निदान नोंद तरी पुरी व्हावी.